पोर्टल हायपरटेन्शन, म्हणजे लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतलं वाढलेलं प्रेशर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पोर्टल हायपरटेन्शन’ असं छापून आलं की घरातलं कुणीतरी आधी बीपीचं यंत्र काढतं. ते यंत्र इथे कामाचं नाही. हे प्रेशर पोटातल्या एका वेगळ्याच शिरेतलं आहे. पेशंट आणि नातेवाईक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न खाली घेतले आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी: या आजारात काहीही त्रास होत नसतो असा एक मोठा काळ असतो, आणि उपचारांचा सगळ्यात जास्त फायदा नेमका त्याच काळात होतो. रक्ताची उलटी झाल्यावर धावपळ सगळेच करतात. ती होऊ नये म्हणून काय करायचं, हे फार थोड्यांना कुणी समजावून सांगितलेलं असतं.

माझं बीपी तर नेहमी कमीच असतं. मग हे कुठलं प्रेशर वाढलंय?

दंडाला पट्टा बांधून मोजतात ते धमन्यांमधलं प्रेशर, १२०/८० च्या आसपासचं. पोर्टल शिरेतलं प्रेशर मुळातच अगदी कमी असतं, साधारण ५ ते १० मिमी पारा. ते दुप्पट झालं तरी दंडावर त्याचा मागमूस लागत नाही.

उलट सिरोसिस, म्हणजे जखमा भरता भरता लिव्हर कडक होत जाणं, वाढत जातो तसतशा पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त तिथेच जास्त खेळतं आणि दंडावरचं बीपी उतरतं. लिव्हरचा आजार असलेल्या माणसाची अनेक वर्षांची बीपीची गोळी अचानक लागेनाशी झाली, तर ‘चला, बीपी बरं झालं’ म्हणून खूश होण्याआधी लिव्हर कितपत बिघडलंय ते पाहून घ्यावं.

पोर्टल शीर म्हणजे नेमकी कुठली? तिच्यात प्रेशर का वाढतं?

जठर, आतडी, स्वादुपिंड आणि पाणथरी यांच्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते एका जाड शिरेत गोळा होऊन आधी लिव्हरमध्ये येतं. हीच पोर्टल शीर. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त हिच्यातून येतं, उरलेलं धमनीतून. लिव्हरच्या आत ते अतिशय बारीक वाहिन्यांमधून झिरपतं, पेशी त्यातलं हवं ते घेतात, नको ते निकामी करतात, आणि मग यकृत शिरांमधून ते हृदयाकडे जातं.

या वाटेत तीन ठिकाणी अडथळा येऊ शकतो: लिव्हरच्या अलीकडे, लिव्हरच्या आत किंवा लिव्हरच्या पलीकडे. सिरोसिसमध्ये तो आत असतो. सूज, जखम आणि पुन्हा भरणं असं वर्षानुवर्षं चालल्यावर मऊ लिव्हरमध्ये कडक तंतूंच्या भिंती उभ्या राहतात आणि बारीक वाहिन्या दाबल्या जातात. त्यात भर म्हणजे आतड्यांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे मागून येणारं रक्तही वाढतं. पुढे वाट अरुंद आणि मागून लोंढा मोठा, असा दुहेरी मार बसतो.

मग रक्त आडवाटा शोधतं. अन्ननलिकेचं खालचं टोक, जठराचा वरचा भाग, गुदद्वाराजवळचा भाग, बेंबीच्या आसपासची जागा, इथल्या एरवी नगण्य असलेल्या शिरा फुगू लागतात. त्यांच्या भिंती पातळ असतात, एवढ्या रक्तासाठी त्या कधी नव्हत्याच. अन्ननलिकेतल्या अशा फुगलेल्या शिरांना व्हेरिसेस म्हणतात आणि या आजारातला सगळ्यात मोठा धोका त्यांच्यापासून असतो.

मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. मग मला सिरोसिस कसा?

हा प्रश्न बहुतेकदा थोड्या रागाने विचारला जातो, आणि तो राग बरोबर आहे. सिरोसिस म्हटलं की लोक दारूच धरून चालतात. दारू हे मोठं कारण आहेच, पण एकमेव नाही. वजन, डायबेटिस आणि लिव्हरमध्ये साचलेली चरबी या त्रिकुटातून होणारा सिरोसिस आता जगभर वाढतो आहे. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू वीस-तीस वर्षं गुपचूप राहून लिव्हर पोखरतात. शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते असे काही आजार आहेत, ते बायकांमध्ये जास्त दिसतात. विल्सन आजारात तांबं साचतं, हिमोक्रोमॅटोसिसमध्ये लोह.

कारण शोधणं म्हणजे नुसती फाइल जाड करणं नव्हे. हिपॅटायटिस सी बहुतेकांमध्ये ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, बी आयुष्यभर आटोक्यात ठेवता येतो, विल्सनवर औषध आहे, दारू सोडता येते. कारण हटलं की प्रेशरही हळूहळू उतरू शकतं. म्हणून ‘सिरोसिस आहे’ एवढ्यावर थांबलेल्या डॉक्टरांना ‘कशामुळे?’ हे विचाराच.

लिव्हर चांगलं असूनही हा त्रास होऊ शकतो का?

हो. अगदी ठणठणीत दिसणारं एखादं मूल खेळता खेळता भडाभडा रक्ताची उलटी करतं, लिव्हरच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात आणि घरचे चक्रावून जातात. अशा मुलांमध्ये पोर्टल शीर लिव्हरमध्ये शिरण्याआधीच गुठळीने बंद झालेली असते. काहींमध्ये जन्मानंतर बेंबीला झालेला जंतुसंसर्ग किंवा तिथून घातलेली नळी हे निमित्त असतं, अनेकांमध्ये कारण सापडतच नाही. लिव्हर स्वतः शाबूत असल्यामुळे ही मुलं रक्तस्राव मोठ्यांपेक्षा चांगला सोसतात. मात्र त्यांची उंची आणि वजन मागे पडतं का, यावर लक्ष ठेवावं लागतं. काही मुलांमध्ये शिरेचा तुकडा जोडून रक्त पुन्हा लिव्हरमध्ये वळवण्याचं ऑपरेशन करता येतं.

मोठ्यांमध्ये पोर्टल शिरेत गुठळी झाली तर रक्त घट्ट होण्याचे आजार आणि अस्थिमज्जेचे काही आजार तपासतात. स्वादुपिंडाला वारंवार सूज आली तर फक्त पाणथरीची शीर बंद होते आणि जठरातल्या शिरा तेवढ्या फुगतात. लिव्हरच्या पलीकडचा अडथळा म्हणजे बड-कियारी आजार. यात लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या शिराच बंद होतात, पोट झपाट्याने फुगतं आणि दुखतं. हृदयाभोवतीचं आवरण कडक झालं तरी रक्त मागे तुंबून पोटात पाणी होतं. अशा पेशंटवर लिव्हरचे उपचार चालू राहतात आणि मूळ दुखणं छातीत असतं. म्हणून गळ्याच्या शिरा फुगलेल्या दिसल्या तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायलाच हवा. आफ्रिकेच्या अनेक भागांत शिस्टोसोमा नावाचा परजीवी हे मोठं कारण आहे.

मला काहीच त्रास नाही. तरी आजार आहे, हे कशावरून?

प्रेशर वाढल्याचं माणसाला कळत नाही. दुखत नाही, जळजळत नाही, चक्कर येत नाही. कळतात ते परिणाम, आणि तेही उशिरा. पाणथरी मोठी होऊन डाव्या बरगडीखाली जडपणा येतो, थोडं खाल्लं तरी पोट भरतं. पॅन्ट कमरेला घट्ट होते आणि दंड मात्र बारीक होत जातात. हे दोन्ही एकदम दिसलं तर ‘पोट सुटलं’ म्हणून सोडून देऊ नका. पावलं सुजतात. छातीवर आणि खांद्यावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेषा उमटतात, तळहात लालसर होतात. क्वचित बेंबीभोवती शिरा तटतटून दिसतात. झोपल्यावर बरं वाटतं आणि उठून बसल्यावर दम लागतो, असं उलटं लक्षण असेल तर फुप्फुसांवर परिणाम झाल्याची शंका घ्यावी.

शौचावाटे रक्त आलं तर ते साधी मूळव्याध असू शकतं किंवा गुदाशयातल्या फुगलेल्या शिरांमधलंही. लिव्हरचा आजार असलेल्याने मूळव्याधीवर परस्पर इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

प्लेटलेट कमी झाल्या आहेत. त्या वाढवायला काय घेऊ?

बहुतेकदा काहीच नाही. तुंबलेल्या रक्तामुळे मोठी झालेली पाणथरी प्लेटलेट अडकवून ठेवते आणि आजारी लिव्हर त्या तयार करण्याचा संदेशही कमी पाठवतं. म्हणजे प्लेटलेटचा आकडा हा इथे आजार नाही, खूण आहे. दीड लाखाच्या खाली, वर्षानुवर्षं, ताप नसताना: अशा रिपोर्टकडे किती जण काणाडोळा करतात! माझ्या मते पोर्टल हायपरटेन्शनचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सुगावा हाच. काहींमध्ये तो सिरोसिसचं निदान होण्याच्या कितीतरी आधी साध्या रक्ततपासणीत पडलेला असतो. आकडा वाढवण्याच्या मागे लागून उपयोग नाही, तो का उतरला ते शोधायचं.

सोनोग्राफीतले शब्द कसे वाचायचे? आणि प्रेशर प्रत्यक्ष मोजता येतं का?

पोर्टल शीर १३ मिमीपेक्षा रुंद, पाणथरी १२-१३ सेंटिमीटरपेक्षा लांब, लिव्हरची कड ओबडधोबड, ‘कोलॅटरल्स’ म्हणजे आडवाटेच्या शिरा, पोटात पाणी. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की निदानाला बळ येतं. डॉप्लरमध्ये रक्त कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वाहतं ते दिसतं, गुठळीही दिसते. पोर्टल शीर रुंद नाही म्हणून प्रेशर नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष मोजमाप करतात ते मानेच्या शिरेतून बारीक नळी लिव्हरच्या शिरेपर्यंत नेऊन. टोकाचा छोटा फुगा फुगवून एकदा आणि फुगा सोडून एकदा प्रेशर घेतात, आणि दोन्हींतला फरक पाहतात. हा फरक १ ते ५ मिमी पारा असला तर ठीक. १० झाला की शिरा फुगणं, पाणी होणं हे सुरू होऊ शकतं. १२ च्या पुढे शिरा फुटण्याचा धोका. ही तपासणी मोजक्याच केंद्रांत होते आणि प्रत्येकाला लागतही नाही. लिव्हरचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी बाहेरूनच, सुई न टोचता होते. त्यात २५ किलोपास्कलच्या वर आकडा आला तर, विशेषतः दारू किंवा विषाणूमुळे झालेल्या आजारात, प्रेशर वाढलंय असं जवळजवळ धरून चालतात. १५ किंवा त्याहून कमी आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर तूर्त काळजी नाही.

प्रत्येकाला एंडोस्कोपी करावीच लागते का?

नाही. सिरोसिस सुरुवातीचा असेल, फायब्रोस्कॅन २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, तर मोठ्या शिरा सापडण्याची शक्यता इतकी कमी असते की ही तोंडातून घालायची दुर्बीण पुढे ढकलता येते. बाकीच्यांनी एकदा करून घ्यावी. घशात फवारा मारतात, हवं असल्यास झोपेचं इंजेक्शन देतात, तपासणी काही मिनिटांत आटोपते. शिरा लहान की मोठ्या आणि त्यांच्यावर लाल ठिपके किंवा रेषा आहेत का, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. लाल खुणा म्हणजे भिंत विरत चालली आहे.

शौचाला काळं झालं किंवा उलटीत रक्त आलं, तर नेमकं काय करायचं?

लगेच निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सकाळी दाखवू म्हणून थांबायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलात, जिथे एंडोस्कोपी आणि रक्तपेढी दोन्ही आहेत तिथे. पेशंटला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि जुना एंडोस्कोपी रिपोर्ट बरोबर घ्या.

काळं शौच ओळखायला शिका. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होतं, पण ते घट्ट, कोरडं आणि नेहमीच्या वासाचं असतं. रक्ताचं काळं शौच चकाकतं, डांबरासारखं चिकटतं, पाणी ओतलं तरी भांड्याला लागून राहतं, आणि त्याचा उग्र वास एकदा आला की विसरत नाही. उलटी ताज्या लाल रक्ताची असू शकते किंवा जठरात थांबून तपकिरी चोथ्यासारखी झालेली. दोन्ही तितक्याच गंभीर.

हॉस्पिटलात त्या वेळी काय करतात? रक्ताच्या पिशव्या भराभर का लावत नाहीत?

नातेवाइकांची सगळ्यात जास्त भांडणं याच मुद्द्यावर होतात. एवढं रक्त गेलं आणि एकच पिशवी? यामागे कारण आहे. रक्त जास्त भरलं की पोर्टल शिरेतलं प्रेशर पुन्हा चढतं आणि मिटत आलेली शीर परत फुटू शकते. म्हणून हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या दरम्यान राखलं जातं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं हात राखून रक्त दिलेल्यांपैकी जास्त पेशंट वाचले.

पोटाकडचा रक्तप्रवाह आवळणारं टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड एंडोस्कोपीची वाट न पाहता सुरू होतं आणि दोन ते पाच दिवस चालतं. जोडीला अँटिबायोटिक असतं. ताप नसताना ते का, असं वाटेल. पण अशा रक्तस्रावात जंतुसंसर्ग पाठोपाठ येतो आणि त्यानेच माणसं जातात, म्हणून ते आधीच देतात. पेशंट जरा स्थिर झाला की १२ तासांच्या आत एंडोस्कोपी करून फुटलेल्या शिरेला रबराचं कडं बसवतात. शीर जठरात असेल तर तिच्यात गोंदासारखं औषध सोडतात. एवढं करूनही थांबलं नाही तर अन्ननलिकेत फुगा फुगवून दाब देतात. तो जास्तीत जास्त २४ तास, तोवर पुढचा मार्ग ठरवायचा. रक्तस्राव पुन्हा होण्याचा धोका जास्त असलेल्या निवडक पेशंटना ७२ तासांच्या आत टिप्स करतात, त्याबद्दल पुढे.

आज इतके उपचार असूनही अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांत सुमारे १० ते २० टक्के पेशंट दगावतात. पहिल्या उलटीच्या आधीच उपचार सुरू करा, हा आग्रह त्यासाठीच.

मला प्रोप्रानोलोल किंवा कार्वेडिलोल दिलंय. बीपी नसताना बीपीची गोळी कशाला?

ही गोळी इथे बीपीसाठी नसतेच. ती हृदयाचे ठोके कमी करते आणि आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे पोर्टल शिरेत येणारं रक्त घटतं. हे काम मेटोप्रोलोल किंवा अटेनोलोल नीट करत नाहीत, कारण त्यांचा भर फक्त हृदयावर असतो. म्हणून ‘त्याच जातीची दुसरी’ अशी गोळी दुकानातून बदलून आणू नका.

होतं काय की घरी बीपी १०० दिसतं, कुणीतरी म्हणतं बीपी कमी आहे, गोळी बंद कर. गोळी बंद होते आणि काही दिवसांत प्रेशर परत उसळतं. वरचं बीपी १०० ला असणं या औषधावर चालतं. ९० च्या खाली जात असेल, लघवी कमी झाली असेल, पोटात साचलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला असेल, तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा काही काळ थांबवतात. ते तुम्ही ठरवायचं नाही. दमा असेल तर मात्र सुरुवातीलाच सांगा. कार्वेडिलोल कमी डोसने सुरू करून साधारण १२.५ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. थकवा आणि हातपाय गार पडणं पहिल्या काही आठवड्यांत जाणवतं.

बँडिंग नंतर काय होतं? किती वेळा करावं लागतं?

दुर्बिणीच्या टोकाने फुगलेली शीर आत ओढून घेतात आणि तिच्या मुळाशी रबराचं छोटं कडं सोडतात. शिरेचा तो भाग सुकतो, काही दिवसांत कड्यासकट गळून पडतो आणि मागे उथळ जखम राहते. पहिले एक-दोन दिवस छातीत दुखतं, गिळताना टोचतं, म्हणून पातळ आणि मऊ खायचं, गरम नको. कडं गळताना, म्हणजे साधारण आठवड्याच्या पुढे-मागे, त्या जखमेतून रक्त येऊ शकतं. त्या दिवसांत लांबचा प्रवास ठेवू नये.

दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, शिरा नाहीशा होईपर्यंत करत राहतात, बहुतेकांना तीन-चार खेपा लागतात. शिरा परत येतात, म्हणून नंतरही ठरावीक काळाने दुर्बीण. एकदा रक्तस्राव होऊन गेला असेल तर बँडिंग आणि गोळी दोन्ही चालू ठेवायची, एकावर भागवायचं नाही.

पोटात पाणी झालंय. सुईने काढलं तर परत परत होतं म्हणे?

पाणी परत होतं ते प्रेशर तसंच राहिल्यामुळे, सुईमुळे नव्हे. पहिल्यांदा पाणी झालं की थोडं काढून तपासायलाच हवं. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनामधून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा केल्यावर फरक १.१ किंवा जास्त आला तर पाणी पोर्टल प्रेशरचं, कमी आला तर क्षय, कर्करोग अशी दुसरी कारणं शोधायची. त्याच पाण्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी २५० किंवा त्याहून जास्त असतील तर जंतुसंसर्ग झालाय. त्याला ताप असतोच असं नाही. कधी नुसती सुस्ती किंवा बरळणं एवढंच दिसतं.

उपचाराची सुरुवात मिठापासून. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. त्यात खारवलेल्या आणि पाकिटबंद पदार्थांतलं मीठही धरायचं. ‘लो सोडियम’ मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन या लघवीच्या गोळीबरोबर ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांची छाती दुखते, वाढते. लाजू नका, सांगा, पर्याय आहेत. पाणी पिण्यावर बंधन सरसकट लागत नाही, रक्तातलं सोडियम फारच उतरलं तरच.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच हलक्या कपड्यांत करा आणि लिहून ठेवा. लघवीच्या गोळ्यांवर पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो, सूज असेल तर एक किलो, यापेक्षा वेगाने वजन उतरू नये. किडनी दुखावते. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी एकदम काढलं तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं लागतं. ते टाळून स्वस्तात पाणी काढून देणाऱ्याकडे जाऊ नका.

वडील रात्रभर जागे असतात, दिवसा झोपतात, विचित्र बोलतात. हे म्हातारपण की लिव्हर?

लिव्हर असण्याची शक्यता मोठी. आतड्यात तयार होणारा अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं आडवाटेने लिव्हरला वळसा घालून मेंदूत पोहोचतात. झोपेची वेळ उलटी होणं हे पहिलं लक्षण, ते घरच्यांनाच आधी दिसतं. हात पुढे ताणून, पंजे वर करून थांबायला सांगितलं की पंजे मधूनच फडफडतात. आणखी एक सोपी युक्ती: एका वहीत रोज तारीख घालून सही करायला सांगा. सही वाकडी व्हायला लागली, अक्षरं एकमेकांवर चढली, की पुढचं लक्षण येण्याआधीच फोन करता येतो.

लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकं. त्याहून जास्त झालं तर शरीरातलं पाणी कमी होऊन गोंधळ उलट वाढतो. वारंवार होत असेल तर रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक जोडतात. पण प्रत्येक वेळी निमित्त शोधायचं: बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, आतला रक्तस्राव, लघवीच्या गोळ्या जास्त होणं, झोपेची गोळी.

मग प्रथिनं बंद करायची ना?

नाही! हा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो नुकसानीचा आहे. त्याचं मूळ जुनं आहे. १८७७ मध्ये निकोलाय एक या रशियन डॉक्टरांनी कुत्र्यांमध्ये पोर्टल शीर थेट महाशिरेला जोडण्याचं ऑपरेशन केलं. पुढे १८९३ मध्ये पाव्हलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की अशा कुत्र्यांना मांस दिलं की ती भ्रमिष्टासारखी वागतात. तिथून प्रथिनांची धास्ती बसली ती शंभरएक वर्षं. आता माहीत आहे की अमोनिया निकामी करण्याचं काम स्नायूही करतात आणि प्रथिनं तोडली की स्नायूच झिजतात. दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. मांस सोसत नसेल तर दूध आणि वनस्पतींतली प्रथिनं घ्या. रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाणं फार उपयोगी, कारण सिरोसिसमध्ये एका रात्रीच्या उपासाने शरीर स्नायू मोडून खायला लागतं.

कोणत्या गोळ्या टाळायच्या?

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. किडनी आणि जठर दोन्हींवर घाला घालतात, पाणी वाढवतात. दुखलं किंवा ताप आला तर पॅरासिटामोल, दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, डॉक्टरांना विचारून. झोपेच्या गोळ्या नकोत. ‘लिव्हर साफ करणारी’ अनामिक चूर्णं आणि काढे तर नकोतच, काही वनस्पतींतले घटक लिव्हरच्या बारीक शिराच बंद करतात. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं सवयीने चालू असेल तर ती खरंच लागते का, ते विचारा.

टिप्स म्हणजे काय?

मानेच्या शिरेतून लिव्हरमध्ये जाऊन पोर्टल शीर आणि यकृत शीर यांच्यामध्ये एक बोगदा करतात आणि त्यात आच्छादित स्टेंट, म्हणजे आवरण असलेली जाळीची नळी, बसवतात. पोट उघडावं लागत नाही. प्रेशर लगेच उतरतं, रक्तस्राव थांबतो, पाणी कमी होतं. मोबदल्यात बरंचसं रक्त लिव्हरला न भेटताच पुढे जातं, त्यामुळे सुमारे एक तृतीयांश पेशंटमध्ये वर सांगितलेला मेंदूचा गोंधळ होतो. हृदय कमजोर असेल, फुप्फुसातलं प्रेशर खूप वाढलेलं असेल किंवा लिव्हर अगदीच थकलेलं असेल तर टिप्स करत नाहीत.

लिव्हर बदलण्याची वेळ कधी येते?

पहिल्यांदा पाणी झालं, रक्तस्राव झाला किंवा शुद्ध हरपली, की प्रत्यारोपण केंद्रात एकदा दाखवून ठेवावं. तिथे नाव नोंदवलं म्हणजे उद्याच ऑपरेशन, असं नसतं. उशिरा पोहोचलेल्यांचे पर्याय मात्र कमी होतात. प्रत्यारोपणाने सिरोसिस आणि प्रेशर दोन्ही मिटतात, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात.

हे कधी पूर्ण बरं होतं का?

काहींचं होतं. कारण हटवल्यावर कडकपणा उतरतो, प्लेटलेट थोड्या वर येतात, गोळ्यांशिवाय पोट कोरडं राहतं. दारू सोडलेल्या आणि हिपॅटायटिस बी आटोक्यात आलेल्या पेशंटमध्ये हे विशेष दिसतं. पण बरं वाटू लागलं तरी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी सोडायची नाही, कारण सिरोसिस झालेल्या लिव्हरमध्ये कर्करोगाचा धोका राहतो आणि लहान असताना सापडला तर तो काढता येतो.

व्यायाम आणि गरोदरपण?

चालणं, हलके स्नायूंचे व्यायाम जरूर करा. मोठ्या शिरा असतील तर श्वास रोखून जड वजन उचलू नका. गरोदरपणात शरीरातलं रक्त वाढतं, म्हणून शक्यतो आधीच, नाहीतर चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुर्बीण करून घेतात. बँडिंग या काळात करता येतं.

दात काढायचाय, हर्नियाचं ऑपरेशन सुचवलंय. चालेल?

दात बहुतेकदा चालतो, डेंटिस्टला आजार सांगा आणि वेदनाशामक गोळी कोणती देणार ते आधी विचारा. पोटाचं ऑपरेशन वेगळं. पोर्टल प्रेशर जास्त असताना पोट उघडलं की जागोजागी फुगलेल्या शिरा कापल्या जातात, जखम पाझरत राहते, लिव्हर कोलमडू शकतं. बेंबीचा हर्निया पाणी आटोक्यात आणल्यावर ठरवून केलेला बरा. मात्र त्याच्यावरची कातडी पातळ, निळसर किंवा ओली दिसू लागली तर त्याच दिवशी दाखवा, ती फुटली तर पोटातलं सगळं पाणी बाहेर येतं.